जुन्या डेस्कटॉपमध्ये एकाहून अधिक हार्ड डिस्क बसवण्याविषयी

नमस्कार.

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोथरूडला आपला लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. २०१२ साली असेम्बल करून घेतलेला डेस्कटॉप अजून व्यवस्थित चालतो. त्यात एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), विंडोजची ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि एक डीव्हीडी रायटर आहे. याशिवाय दोन जुन्या १ टीबीच्या डिस्क आणि २०१३ च्या सुमारास घेतलेली ३ टीबीची यूएसबी डिस्क आपल्याजवळ आहे, आणि ४ टीबीची एक नवी घेण्याचा विचार आहे. सगळा मिळून डेटा तीन टीबीच्या आसपास आहे. या पाचही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये कायमच्या बसवता येतील का, असे आपण विचारले आहे. दुकानदाराने मात्र सरळ नवा पीसी घ्या असे सांगितले आहे. आणि शेवटी, जाता जाता, आपण लिहिले आहे की १ टीबीच्या दोन डिस्कपैकी एक 'कधी दिसते, कधी दिसत नाही'.

मी पुण्यात बरीच वर्षे संगणक जुळणी आणि दुरुस्तीचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगायचे तर पाच डिस्क बसवता येतील, परंतु बसवू नयेत. तीन पुरेशा आहेत, आणि जुन्यांचा उपयोग कपाटात ठेवलेली प्रत म्हणून अधिक चांगला होईल. नवा पीसी घेण्याची निकड मला दिसत नाही. एसएमपीएस मात्र बदलावा लागेल असे वाटते. तसे का, ते पुढे येईलच. त्याआधी आपले शेवटचे वाक्य घेतो, कारण खरी अडचण तेथे आहे.

कधी दिसणारी आणि कधी न दिसणारी डिस्क पुन्हा पुन्हा जोडून, काढून पाहू नका. असे होण्याची कारणे ढोबळमानाने दोन असतात. एक तर डिस्क स्वतः थकलेली असते, नाहीतर तिच्यापर्यंत जाणारी केबल किंवा वीजजोडणी सैल असते. दुसरे कारण असेल तर शंभर-दोनशे रुपयांत काम भागते. पहिले असेल तर प्रत्येक वेळी सुरू केल्याने उरलेले आयुष्य आपण खर्च करत असतो. हा फरक ओळखण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि हा प्रोग्रॅम ती नोंद वाचून दाखवतो. त्यातील आकडे मुळात हेक्स (सोळाच्या पायावरच्या) पद्धतीने दिसतात, त्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. मेनूत जाऊन ते दशमान करून घ्यावेत. ओळींचे क्रमांक मात्र हेक्समध्येच राहतात. मग पाच क्रमांकाची (05) ओळ म्हणजे बदली केलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे लहान कप्पे, १९७ (C5) म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रलंबित राहिलेले सेक्टर, १९८ (C6) म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर आणि १९९ (C7) म्हणजे केबलवरून येताजाता झालेल्या चुका, एवढेच पाहावे. ५ आणि १९७ शून्य असून १९९ चा आकडा मोठा असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. नवी सॅटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) लावल्यावर तो आकडा कमी होत नाही, कारण ती आजवरची एकूण नोंद असते; तो वाढायचा थांबला की समजावे, दोष गेला. १९७ मध्ये मात्र शून्याखेरीज काही दिसले, तर त्या डिस्कवर विंडोजची 'चेकडिस्क' चालवू नका, डीफ्रॅगमेंट तर मुळीच करू नका. जे फोटो दुसरीकडे कोठेच नाहीत ते आधी उतरवून घ्या, बाकीचे नंतर. आणि डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असेल तर वीज काढा आणि तिला हात लावू नका. त्यापुढचे काम डेटा रिकव्हरी करणाऱ्याचे आहे, ते महाग असते आणि यशाची हमी नसते.

आता मूळ प्रश्न. पहिली मर्यादा पोर्टची. एच-६१ चिपसेट चार सॅटा पोर्ट देतो आणि ते चारही ३ गिगाबिटचे असतात. आजच्या बोर्डांवर ६ गिगाबिट असतात म्हणून आपला बोर्ड कालबाह्य झाला, असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नका. ३ गिगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला सुमारे ३०० एमबी जाऊ शकतात, आणि फिरती हार्ड डिस्क अगदी नवी असली तरी बहुधा १५० ते २५० एमबीच्या आतच वाचते. त्यामुळे साठवणीच्या डिस्कना हा पोर्ट अडवत नाही. एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपवरच्या डिस्कला, तो थोडा अडवतो, तरीही जुन्या फिरत्या डिस्कवरून एसएसडीवर विंडोज आणल्यावर मशीन इतके बदलते की हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही.

डीव्हीडी रायटर आता आपण किती वेळा वापरता, हे आपणच पाहा. तो काढला तर चारही पोर्ट डिस्कसाठी मिळतात. पाचवी डिस्क हवीच असेल तर पीसीआय एक्सप्रेसच्या लहान स्लॉटमध्ये बसणारे दोन पोर्टचे सॅटा कार्ड मिळते. साध्या कामासाठी एएसएम-१०६१ या चिपचे कार्ड मला पुरेसे भरवशाचे वाटते. जुन्या साध्या पीसीआय स्लॉटचे कार्ड स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण त्या संपूर्ण बसची मर्यादा सेकंदाला १३३ एमबी आहे आणि तेवढ्यातच सगळ्यांनी वाटून घ्यायचे असते. कार्डावरच्या डिस्कवरून विंडोज सुरू करण्याच्या भानगडीतही पडू नका. विंडोजची डिस्क बोर्डाच्या पहिल्या पोर्टवर आणि साठवणीची कोठेही, हा क्रम सोपा पडतो.

दुसरी मर्यादा विजेची, आणि माझ्या मते जुन्या मशीनमध्ये डिस्क वाढवताना सर्वांत जास्त विचार हिचा करायला हवा. हार्ड डिस्क चालू असताना फारशी वीज खात नाही. साडेतीन इंची डिस्कला ५ ते ८ वॅट पुरतात. परंतु थांबलेल्या तबकड्या फिरवायला सुरुवात करताना तीच डिस्क १२ व्होल्टच्या लाइनवर दीड ते दोन अँपिअर, म्हणजे जवळपास २० ते २५ वॅट ओढते. भरलेली हातगाडी जागची हलवताना जो जोर लागतो, तो चालत्या गाडीला लागत नाही, तसेच हे आहे. साध्या डेस्कटॉपमध्ये बटण दाबताच सगळ्या डिस्क एकदम फिरू लागतात. पाच डिस्क म्हणजे त्या काही सेकंदांत दहा अँपिअरपर्यंत मागणी. त्यात ६५ वॅटचा प्रोसेसर आणि पंखे मिळवा.

आता एसएमपीएसच्या अंगावरचे लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले '४५० वॅट' विसरून जा आणि खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत तेवढेच पाहा. तेथे समजा १६ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, एवढाच आपल्या कामाचा आकडा. कॅबिनेटसोबत फुकट आल्यासारख्या मिळणाऱ्या एसएमपीएसवर हा आकडाही नवे असतानाचा आणि बऱ्याचदा उदार मनाने लिहिलेला असतो. आपला एसएमपीएस २०१२ चा आहे. इतक्या वर्षांत आतल्या कपॅसिटरची ताकद कमी झालेली असते, पंखा धुळीने जड झालेला असतो. दोन डिस्कवर हे काहीच जाणवत नाही. चौथी, पाचवी लावली की मशीन सुरू होता होता पुन्हा रिस्टार्ट होते, किंवा एखादी डिस्क बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) दिसत नाही, किंवा दिसते आणि मोठी फाइल कॉपी करताना मध्येच नाहीशी होते. मग लोक डिस्क बदलतात, केबल बदलतात, विंडोज नव्याने टाकतात. आपली 'कधी दिसते, कधी दिसत नाही' ही डिस्क याच मशीनला जोडून पाहिली असेल, तर डिस्क निर्दोष असण्याची शक्यताही यामुळेच मी सोडून देत नाही. तिची परीक्षा एखाद्या मित्राच्या चांगल्या मशीनवर, नव्या केबलने घ्यावी.

एसएमपीएस बदलताना नामांकित कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा, ८० प्लस प्रमाणपत्र असलेला आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या चार-सहा सॅटा वीजजोडण्या असलेला घ्यावा. ८० प्लस हे मुळात कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र आहे, टिकाऊपणाचे नव्हे. परंतु ते घेणारी कंपनी निदान लेबलवरचा आकडा खरा लिहिते, असा माझा अनुभव आहे. जोडण्या पुरेशा असण्यावर मी एवढा भर देतो, कारण त्या अपुऱ्या पडल्या की माणूस पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन मोलेक्स-टू-सॅटा कन्व्हर्टर (जुन्या चार पिनांच्या मोलेक्स वीजजोडणीवरून सॅटा डिस्कला वीज देणारी केबल) आणतो, आणि जळालेल्या केबलींचा उगम बऱ्याचदा तेथेच असतो.

हे कन्व्हर्टर दोन जातींचे असतात आणि दुकानातच हातात घेऊन ओळखता येतात. एका जातीत तारा थेट प्लास्टिकच्या अखंड गोळ्यात शिरतात. मागून पाहिले तर सगळे गुळगुळीत आणि बंद दिसते. साच्यात तारा ठेवून वरून वितळलेले प्लास्टिक ओतलेले असते, त्यात तारा एकमेकींच्या किती जवळ सरकल्या आहेत हे कोणालाच दिसत नाही. १२ व्होल्टची पिवळी तार आणि शेजारची काळी यांच्यामधले प्लास्टिक उष्णतेने हळूहळू कोळपते, मग तेथूनच प्रवाह वाहू लागतो. सुरुवातीला पांढऱ्या किंवा काळ्या कनेक्टरवर तपकिरी डाग पडतो आणि कॅबिनेट उघडताच करपट वास येतो. त्या वेळी लक्ष गेले तर ठीक, नाहीतर डिस्कच्या सर्किटसकट जळते. दुसऱ्या जातीत कनेक्टरची पाठ टोपणासारखी निघते आणि आत प्रत्येक तार आपापल्या खाचेत दाबून बसवलेली दिसते. घ्यायचाच असेल तर हा घ्यावा, दहा-वीस रुपये जास्त पडले तरी. आणि एका सॅटा वीजजोडणीचे फाटे करताना दोनवर थांबावे, कारण त्या कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिना मिळून साडेचार अँपिअरसाठीच बनवलेल्या असतात. दोन डिस्क सुरू होतानाची मागणी तेवढ्यात जेमतेम बसते, तिसरी बसत नाही.

एक विषयांतर करतो. बाजारात मोठ्या डेटा सेंटरमधून निघालेल्या मोठ्या क्षमतेच्या डिस्क बऱ्या किमतीत विकायला येतात. अशी डिस्क जुन्या एसएमपीएसच्या सॅटा जोडणीवर लावली तर काही वेळा फिरतच नाही आणि विकणाऱ्याने बंद माल गळ्यात मारला असे वाटते. कारण वेगळे असते. नव्या सॅटा मानकात वीजजोडणीची तिसरी पिन 'डिस्क बंद ठेव' या आज्ञेसाठी वापरता येते, आणि जुने एसएमपीएस त्याच पिनवर ३.३ व्होल्ट देतात. मोलेक्सवरून वीज दिली की ती डिस्क चालते, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची तारच नसते. असे असले तरी लग्नाचे फोटो ठेवण्यासाठी वापरलेली डिस्क घेण्याच्या मी विरोधात आहे, आणि जुन्या बाजारातली तर नकोच. स्मार्टमधले तास शून्यावर आणता येतात, आणि त्या डिस्कने काय सोसले आहे हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

तिसरी गोष्ट जागेची आणि उष्णतेची. आपल्यासारख्या मध्यम आकाराच्या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची डिस्कसाठी पत्र्याचा पिंजरा असतो आणि त्यात तीन खण एकावर एक असतात. तिन्ही भरले तर दोन डिस्कमध्ये बोटही जात नाही. समोर पंख्याची जाळी असते, पण पंखा बहुतेक वेळा बसवलेलाच नसतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी खोलीचेच तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते. अशा वेळी मधली डिस्क पन्नाशी सहज ओलांडते. उत्पादक साधारणपणे ६० अंशांपर्यंतची मर्यादा देतात, तरी मी ४५ च्या वर गेलेली डिस्क चिंतेची मानतो. उपाय स्वस्त आहे. समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा हवा आत घेईल असा लावा, आणि डिस्क एकाआड एक खणात ठेवा. डीव्हीडी रायटर काढला तर त्याच्या सव्वापाच इंची खणात ब्रॅकेट लावून एक डिस्क बसते, आणि तेथे तिला भरपूर मोकळी हवा मिळते.

बसवताना स्क्रूंकडे लक्ष असू द्या. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, तर डीव्हीडी रायटर आणि अडीच इंची एसएसडीचे बारीक आट्यांचे. डबीत दोन्ही एकत्र पडलेले असतात. बारीक स्क्रू डिस्कमध्ये सैल फिरत राहतो, आणि जाड स्क्रू एसएसडीत जोर लावून पिळला तर आटे कापले जातात. डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसलेली असावी; एका बाजूने दोन स्क्रू लावून सोडलेली डिस्क शेजारणीच्या कंपनाने थरथरत राहते. मोठ्या क्षमतेच्या काही नव्या डिस्कना बाजूचे मधले छिद्र नसते, त्यामुळे जुन्या पिंजऱ्यात चारऐवजी दोनच स्क्रू जुळतात. घेण्याआधी हे पाहून घ्यावे.

आता आपल्या ३ टीबीच्या यूएसबी डिस्कविषयी, कारण तेथे एक खरा सापळा आहे. ती बाहेरच्या प्लास्टिकच्या डबीतून काढून थेट सॅटाला जोडली तर विंडोज बहुधा 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' असे विचारेल. त्या प्रश्नाला हो म्हणू नका. आत डेटा जसाच्या तसा असतो. झालेले असते ते असे. डिस्कच्या भागांची (पार्टिशनची) नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, आणि ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर त्यातून २.२ टीबीपलीकडचे काही मोजताच येत नाही. त्या काळात विंडोज एक्सपी अजून घरोघरी होती आणि तिलाही ही डिस्क पूर्ण दिसावी म्हणून काही डब्यांमधले सर्किट सेक्टर ४०९६ बाइटचे असल्याचे भासवत असे. डबी काढली की ते सोंग संपते, सेक्टर पुन्हा ५१२ चे होतात आणि पार्टिशनचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून आधी डबीतूनच सगळा डेटा दुसरीकडे उतरवा, मगच ती उघडायची असेल तर उघडा, आणि आत बसवल्यावर जीपीटी या नव्या नोंदपद्धतीने पुन्हा फॉरमॅट करा. काही अडीच इंची बाह्य डिस्कमध्ये तर सॅटाची जोडणीच नसते, यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्याच सर्किटवर असतो. तशी असेल तर उघडून काही उपयोग नाही.

याच २.२ टीबीच्या मर्यादेमुळे आणखी एक गंमत दिसते. ३ टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज कधी कधी ती ७४६ जीबीचीच दाखवते. डिस्क खोटी नसते. जुना स्टोरेज ड्रायव्हर २.२ टीबीनंतर पुन्हा शून्यापासून मोजू लागतो आणि उरलेले तेवढेच त्याला दिसतात. नवा ड्रायव्हर टाकला की आकडा सरळ होतो. आपल्या विंडोजची डिस्क एमबीआर असली तरी साठवणीची डिस्क जीपीटी ठेवायला काहीच हरकत नाही. बायोस यूईएफआय, म्हणजे नव्या धाटणीचा, असण्याची अट फक्त जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करायची असेल तरच येते.

डिस्क जोडून पहिल्यांदा मशीन सुरू केल्यावर 'बूट होत नाही' असे दिसले तर घाबरू नका आणि कोणाला विंडोज टाकायलाही देऊ नका. नवी डिस्क आली की बायोस पुष्कळदा बूटचा क्रम आपल्या मनाने बदलतो. आपल्या १ टीबीच्या डिस्क पूर्वी कोणत्या तरी मशीनमध्ये मुख्य असतील आणि त्यांवर जुन्या विंडोजचे अवशेष असतील, तर मशीन तेथूनच सुरू व्हायला पाहते. बायोसमध्ये जाऊन विंडोजची डिस्क पहिली केली की काम होते. एसएसडीवर विंडोज नव्याने टाकणार असाल तर मात्र त्या वेळी बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज स्वतः एसएसडीवर बसते आणि सुरू होण्याच्या फाइली भलत्याच डिस्कवर ठेवते. पुढे ती डिस्क काढली की मशीन उठत नाही. बायोसमध्ये सॅटाचा मोड एएचसीआय (डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत) करायचा असेल तर तो विंडोज टाकण्याआधी करावा, नंतर बदलल्यास निळी स्क्रीन येते. दुसऱ्या पिढीचा आय-३ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. त्यामुळे हे मशीन साठवणीपुरते ठेवून इंटरनेटचे व्यवहार दुसऱ्यावर करावेत, हे बरे.

आता, पाचऐवजी तीन असे मी का म्हणतो. डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. आणि वय झालेल्या डिस्क चोवीस तास विजेवर ठेवून त्यांच्याकडून काही मिळत नाही. शिवाय डेटा पाच ठिकाणी विखुरला की कोणत्या लग्नाची दुसरी प्रत आहे आणि कोणत्याची नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. मी असे सुचवेन की आत २५० जीबीच्या आसपासची एक एसएसडी विंडोजसाठी ठेवावी आणि ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क घ्याव्यात. खिशाला झेपत असेल तर ६ टीबीच्या, कारण आपले काम वाढतच जाणार. त्यातल्या एका डिस्कवर काम करावे आणि दुसऱ्यावर रोज रात्री तिची प्रत जावी. कामाची डिस्क घेताना ती सीएमआर पद्धतीची (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) आहे हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. एसएमआर डिस्कवर ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात, त्यामुळे सलग लिहिण्यापुरत्या त्या ठीक, पण फाइली वारंवार बदलल्या तर त्या फार मंदावतात. प्रतीच्या डिस्कला एसएमआर चालेल. दुकानात सीसीटीव्हीसाठीची डिस्क पुढे केली जाते. ती चालते, परंतु ती मुद्दाम मागून घ्यायचे कारण नाही.

रेडबद्दल, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवण्याबद्दल, आपण विचारलेले नाही, तरी कोणी तरी सुचवेलच. एच-६१ मध्ये ती सोय मुळातच नाही आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. दोन डिस्कचे मिररिंग केले, म्हणजे एकीवरचे सगळे त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले, तर एक डिस्क गेल्यावर काम थांबत नाही, हे खरे. पण चुकून पुसलेला फोल्डर दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो आणि व्हायरसने बिघडवलेली फाइल दोन्हीकडे बिघडते. आपल्याला काम न थांबण्यापेक्षा कालची प्रत हाताशी असणे जास्त मोलाचे आहे. विंडोजमध्ये दोन डिस्क जोडून एक मोठी करण्याचा पर्याय दिसतो, तो तर नकोच; एक गेली की दोन्हींवरचे हातचे जाते.

एकाच कॅबिनेटमधली दुसरी प्रत डिस्क बिघडण्यापासून वाचवते, परंतु चोरी, आग, पाणी किंवा एसएमपीएसने सगळ्यांना एकदम दिलेला झटका यांपासून वाचवत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याला पूर आला, त्यानंतर माझ्याकडे आलेल्या कॅबिनेटांमधून चिखल काढावा लागला होता. जमिनीवर ठेवलेले मशीन, आत मूळ डिस्क, शेजारच्या खणात तिची प्रत, आणि दोन्ही पाण्याखाली, असेही त्यांत होते. म्हणून कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा, आणि तिसरी प्रत घराबाहेर असू द्या. आपल्या चांगल्या स्थितीतल्या जुन्या १ टीबी आणि ३ टीबी डिस्कचा उपयोग येथे होतो. त्यांवर पूर्ण झालेल्या वर्षांचे काम उतरवा, पिशवीवर वर्ष लिहा आणि भावाकडे किंवा मित्राकडे, नदी-ओढ्यापासून दूरच्या घरात ठेवा. वर्षातून दोनदा आणून जोडून पाहाव्यात. नुसती कपाटात पडून असलेली डिस्कही बिघडते.

हे सगळे उतरवण्याचे काम यूएसबीवरून करू नका. एच-६१ चिपसेटमध्ये स्वतःचा यूएसबी ३ नाही, त्यामुळे बोर्डावर वेगळी चिप नसेल तर आपल्याला यूएसबी २ चा सेकंदाला ३०-३५ एमबीचाच वेग मिळेल आणि तीन टीबीला साधारण पंचवीस तास लागतील. तेच सॅटावरून १२० एमबीच्या वेगाने सात तासांत होते. ३ टीबीच्या डबीला मात्र वर सांगितलेल्या कारणासाठी इलाज नाही, ती यूएसबीवरूनच उतरवावी लागेल; एखाद्याच्या यूएसबी ३ असलेल्या लॅपटॉपवर नेलीत तर वेळ वाचेल. फाइली 'कट' करून हलवू नका, कॉपीच करा. टेराकॉपीसारख्या प्रोग्रॅमने कॉपी केल्यावर पडताळणी होते, ती चालू ठेवा. पडताळणी होईपर्यंत जुन्या डिस्कवरचे काही पुसू नका, दुहेरी फोल्डर दिसले तरीही. ती सफाई नंतर, नव्या डिस्कवर.

विजेबद्दल थोडे. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणे आपल्याला नवे नाही, पण जाण्यापेक्षा परत येण्याचा क्षण जास्त वाईट असतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस लावा आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला. त्याहून आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि काही सोसायट्यांतही तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला मागे तारच नसते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर डिस्क वाढवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

हे मशीन फक्त काम असेल तेव्हा सुरू करा. असे जुने डेस्कटॉप नुसते चालू राहिले तरी ६० वॅटच्या आसपास खातात. दिवसरात्र चालवले तर महिन्याला चाळीसहून अधिक युनिट होतात, आणि त्या बदल्यात मिळत काही नाही.

नव्या पीसीचे पैसे आज घालण्यापेक्षा नवा एसएमपीएस, दोन डिस्क, एसएसडी आणि एक पंखा यांत घाला. उद्या बोर्ड गेला तरी या सगळ्या वस्तू नव्या मशीनमध्ये जशाच्या तशा बसतील. खरेदीला जाण्याआधी मात्र एसएमपीएसच्या लेबलवरचा १२ व्होल्टचा आकडा, मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक आणि त्या लहरी डिस्कच्या ५, १९७, १९८ व १९९ या चार ओळी येथे लिहा. डिस्कची प्रकृती काय सांगते यावर कोणती डिस्क आधी उतरवायची ते ठरेल, आणि १९७ शून्य नसेल तर बाकी खरेदी थांबवून ४ टीबीची एक डिस्क तेवढी आजच आणा.